हौद्याचे अस्तर: स्वहस्ते केलेल्या कामाची कैफियत

मेहकर तालुक्यात ज्यांच्या दाराशी पिकअप उभी आहे अशा बहुतेक शेतकऱ्यांच्या आणि मालवाहतूकदारांच्या मनात एक मत अलीकडे इतके दृढमूल झाले आहे की, त्याला हरकत घेणारा माणूस एकतर कंजूष ठरतो किंवा अडाणी. ते मत असे की, गाडीच्या हौद्याला जे काही संरक्षक अस्तर द्यावयाचे ते कारागिराकडूनच दिले पाहिजे. मालकाने स्वतः ब्रश हाती घेऊन केलेले काम हे मुळी काम नव्हेच, तो जुगाड. आणि जुगाड दोन महिन्यांत उखडतो, गाडीची किंमत उतरवतो, व अखेरीस कारागिराचे दार गाठावेच लागते, तेव्हा पहिल्याच दिवशी ते गाठणे शहाणपणाचे. हे बोलणारी माणसे पोकळ बडबड करणारी नाहीत. पुष्कळांनी स्वतःच्या गाडीवर हात पोळून घेतलेले आहेत. तरीही त्यांचा निष्कर्ष मला चुकीचा वाटतो, आणि तो केवळ चुकीचाच नव्हे तर नुकसानकारक वाटतो. कारण त्याच्या भरवशावर, पाच-पाच वर्षे बँकेचे हप्ते फेडून आपलीशी केलेली गाडी, वरून भक्कम दिसत असताना, आतून कुजत जाताना मी पाहतो आहे.

अस्तर कोणी द्यावे हा प्रश्न नंतरचा. अस्तराने काय सोसावयाचे आहे हे आधी पाहिले पाहिजे, आणि ते मेहकरातच उभे राहून पाहिले पाहिजे. अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे असलेल्या या गावाला मालाची ये-जा नवी नाही. परंतु एकाच वाहनाने इतक्या परस्परविरोधी जिनसा वाहाव्या, हे मात्र आजच्या पिकअपच्याच नशिबी आले आहे. मृगात खत, आश्विन-कार्तिकात सोयाबीनचे कट्टे, मागाहून कापूस आणि तूर, मध्येच घरबांधणीची पैनगंगेची रेती, गिट्टी, जालन्याच्या कारखान्यांतून येणाऱ्या सळया, बाजाराच्या दिवशी शेळ्या, आणि उन्हाळ्यात शेणखत. यांतील रेती आणि गिट्टी पत्र्याला घासतात, सळया त्याला ओरखडतात, हमालाच्या हुकाने कट्टा ओढला की हुकाचे टोक रंगात रेघ पाडते. आणि ही सारी दुखापत डोळ्यांना दिसते म्हणून माणसे तिचीच चिंता वाहतात. खरा घात करणारे जिन्नस निराळे आहेत. खताच्या गोणीतून सांडलेला म्युरिएट ऑफ पोटॅश हा पोटॅशियम क्लोराइड होय, आणि क्लोराइड हा लोखंडाचा हाडवैरी आहे. युरियासारखी खते हवेतील ओल शोषून घेतात, आणि पावसाळी हवेत हौद्याच्या कोपऱ्यात राहिलेला मूठभर चुरा तेथील पत्रा दिवसचे दिवस ओला ठेवतो. शेळ्यांचे मूत आणि शेणखताचा पाझर यांतही क्षार आणि अमोनिया असतोच. ओरखडा पडला म्हणून पत्रा मरत नाही. ओरखड्यातून ओल आणि क्षार आत शिरतात आणि तेथून बाहेर पडत नाहीत, म्हणून तो मरतो. म्हणजे अस्तराचे पहिले कर्तव्य कठीण असणे हे नसून, पत्रा आणि ओल यांची गाठ पडू न देणे, आणि पडलीच तर ती मालकाच्या नजरेस येऊ देणे, हे आहे.

आता आमचे प्रतिपक्षी 'कारागीर' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात नेमके कोण असते? वादात ते ज्याचे गुण गातात तो कारागीर मोठ्या शहरात बसलेला, यंत्राने पॉलियुरियाचे अस्तर फवारणारा आहे; आणि प्रत्यक्षात ते ज्याच्याकडे गाडी नेतात तो रस्त्याकडेचा वेल्डर आहे, जो हौद्याच्या मूळ पत्र्यावर चेकर प्लेट अंथरून ठिकठिकाणी टाके मारतो. एकाची कीर्ती दुसऱ्याच्या कामाला चिकटवून हा मुद्दा जिंकला जातो. यास्तव या दोघांचा विचार स्वतंत्रपणेच करावा लागेल.

वेल्डरच्या कसबाविषयी मला आदर आहे. मोडलेला फाळका आणि तुटलेली बिजागरी त्याच्यावाचून उभी राहत नाही. परंतु चेकर प्लेट वेल्ड करून बसवणे हे संरक्षण नव्हे. टाका मारताना लोखंड वितळावे लागते, आणि लोखंड वितळण्यास सुमारे दीड हजार अंश उष्णता लागते. एवढ्या उष्णतेपुढे कारखान्यात दिलेला प्राइमर आणि रंग केवळ वरच्याच नव्हे तर पत्र्याच्या खालच्या अंगानेही जळून जातो, आणि चाकांनी उडवलेला चिखल ज्या बाजूवर रोज बसतो त्या खालच्या बाजूला पुन्हा रंग देण्याचे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वर, दोन पत्र्यांच्या मधोमध कागदाएवढी फट राहते. या फटीत पावसाचे आणि हौदा धुतल्याचे पाणी, खताचे क्षार घेऊन, सहज शिरते, पण वाऱ्याला आणि उन्हाला तेथे प्रवेश नसल्यामुळे ते वाळत नाही. धातुशास्त्राचे साधे पुस्तक चाळले तरी अशा फटीतील गंज हा उघड्या पृष्ठभागावरील गंजापेक्षा अधिक वेगाने आणि अधिक खोल जातो, हे वाचावयास मिळते. मूळ लोखंडाहून गंजाला दुपटीपेक्षा अधिक जागा लागते. म्हणून काही वर्षांनी प्लेट ठिकठिकाणी फुगलेली दिसू लागते, आणि तोपर्यंत खालच्या पत्र्याची चाळण झालेली असते. मालक मात्र वरच्या जाड लोखंडाकडे पाहून निर्धास्त असतो.

वजनाचाही हिशेब मांडून पाहावा. ९ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद हौद्याचे क्षेत्र सुमारे ४.६ चौरस मीटर भरते. ३ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन प्रत्येक चौरस मीटरला साडेतेवीस किलोच्या आसपास असते. म्हणजे नुसत्या तळाचा भार १०८ किलो, आणि बाजूंना पत्रा चढवला तर त्याहून कितीतरी अधिक. ज्यांचे भाडे कधीच मिळणार नाही असे ५० किलोचे दोन कट्टे सोयाबीन ही गाडी प्रत्येक खेपेला, जाताना आणि रिकामी येतानासुद्धा, वाहत राहते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ अन्वये जादा भाराला २०,००० रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनाला आणखी २,००० रुपये अशी तरतूद आहे. मालाचे वजन काठावर धरून निघणाऱ्या मालकाने या क्विंटलभर लोखंडाची नोंद कोणत्या खात्यावर घातली आहे, हे मला कळत नाही.

शहरातील फवारणीच्या अस्तराची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तिच्याविषयी मी हातचे राखून बोलणार नाही. १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर याने पॉलियुरेथेनच्या रसायनाचा पाया घातला, आणि १९८० च्या दशकात अमेरिकेतील टेक्साको कंपनीच्या प्रयोगशाळेत फवारता येण्याजोगा पॉलियुरिया सिद्ध झाला. दोन द्रव वेगवेगळ्या नळ्यांतून सत्तर अंशांच्या आसपास तापवून, प्रचंड दाबाखाली बंदुकीच्या तोंडाशी एकत्र आणतात. पत्र्यावर पडताच ते मिश्रण काही सेकंदांत थिजते, आणि दोन-तीन मिलिमीटर जाडीचे, सांधा नसलेले, लवचीक कातडे तयार होते. पत्र्याशी ते एकजीव होते, मध्ये फट राहत नाही, आणि वर हिशेब केला त्याच हौद्याच्या तळावर त्याचा भार पंधरा किलोच्या घरात राहतो. ब्रशने दिलेले अस्तर दोन-तीन हातांत अर्धा-एक मिलिमीटरच्या पुढे सहसा जात नाही. तेव्हा जाडीत, चिवटपणात आणि दिसण्यात त्याने फवारणीशी स्पर्धा करावी अशी अपेक्षाच नाही. ज्याची गाडी नवी आहे, ज्याला ती चार दिवस शहरात ठेवणे परवडते, आणि ज्याच्या हौद्यात सामान येते पण रेती येत नाही, त्याने खुशाल फवारणी करून घ्यावी.

पण आमच्या तालुक्यातील किती गाड्या या वर्णनात बसतात? ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि मेहकरहून नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर पूर्वीइतके दूर राहिले नाही, हे खरे. 'आता शहर जवळ आले, तेथेच करून घ्या' हा युक्तिवाद याच रस्त्यावरून आला आहे. तथापि रस्त्याने अंतर तोडले तरी दुरुस्तीची गरज तोडली नाही. सोयाबीनच्या हंगामात रोज दोन खेपा करणाऱ्या गाडीच्या हौद्यात सळईचे टोक एखाद्या बुधवारी अस्तर फाडून आत जाईल; त्या जखमेवर गुरुवारी इलाज झाला पाहिजे. शहरातील यंत्राने दिलेले ते अस्तर येथे कोणाला सांधता येत नाही, त्यासाठी लागणारा द्रव किरकोळीत येथे मिळत नाही, आणि वीतभर तुकड्यासाठी हंगामातले दोन दिवस मोडून शेकडो किलोमीटर जाण्यास कोणी तयार होत नाही. मग ती जखम तशीच राहते, आणि चिवट अस्तराच्या खालून, कोणाला न दिसता, गंज सरकत जातो. वस्तूचा उत्तमपणा ती जेथे वापरावयाची त्या ठिकाणीच सिद्ध व्हावा लागतो.

हमीपत्राचा मुद्दा येथे हटकून पुढे येतो. कारागीर वर्षानुवर्षांची हमी देतो, मालकाच्या कामाला हमी कोण देणार, असे विचारले जाते. हमीपत्र हा दस्तऐवज आहे आणि दस्तऐवज शेवटच्या ओळीपर्यंत वाचावयाचा असतो. अस्तर आपणहून सुटून निघाले तर ते पुन्हा देऊ, एवढे बहुतेक हम्यांत असते. जड वस्तू आपटून, तीक्ष्ण वस्तू घुसून झालेली हानी त्यातून बहुधा वगळलेली असते, आणि व्यापारी वापराला ती लागू आहे की नाही हे पाहिल्यावाचून पैसे मोजणे तर सर्वथा अयोग्य. आपल्या हौद्याची हानी नेमकी ज्या कारणांनी होते तीच कारणे वगळणारी हमी जवळ असून किती उपयोगी, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा: घरी केलेले अस्तर उखडते. ते उखडते हे मी कबूल करतो. परंतु ते घरी केले म्हणून उखडत नाही. खालचा पत्रा तयार न करता केले म्हणून उखडते, आणि पत्रा तयार न करता फवारलेला लाखमोलाचा पॉलियुरियाही तसाच उखडतो. आपल्याकडे तयारी म्हणजे काय समजतात? हौदा पाण्याने धुवावा, फडके फिरवावे, रेडऑक्साईडचा एक हात मारावा, की झाले. वर्षानुवर्षांचे ग्रीस, डिझेलचे ओघळ आणि पेंडीचे तेल पत्र्यात मुरलेले असते. त्यावर कोणताही रंग धरत नाही. साबणाच्या पाण्याने दोनदा घासून, थिनरच्या फडक्याने पुसून, मग त्यावर स्वच्छ पाणी शिंपडून पाहावे: पाण्याची सलग पातळ चादर पसरली तर पत्रा स्वच्छ, थेंब-थेंब गोळा झाले तर तेल अजून आहे आणि काम पुन्हा पहिल्यापासून करावयाचे. गंज असेल तेथे तारेच्या ब्रशाने व ग्राइंडरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत जावे. शिल्लक राहिलेल्या जुन्या रंगाची चमक ८० नंबरच्या पॉलिश पेपरने मारावी, कारण गुळगुळीत रंगाला नवा थर पकडतच नाही. उघड्या लोखंडावर दोन भागांचा इपॉक्सी प्राइमर द्यावा. स्वस्त रेडऑक्साईड लाल दिसते म्हणून गंजरोधक असते असे नव्हे. हौद्याच्या तळाला पाणी निघून जाण्याची जी छिद्रे असतात त्यांत काडी घालून ठेवावी, म्हणजे ती अस्तराने बुजत नाहीत. कट्टे ओढावयाचे असतील तर अस्तरात रबराचा खरबरीत कण फार घालू नये, बारदान फाटते. शेळ्या न्यावयाच्या असतील तर थोडा घालावा, पाय घसरत नाहीत. आणि हे सारे झाल्यावरच ब्रश किंवा रोलर उचलावा.

या कामात यंत्राचे कसब कितीसे आहे? जवळजवळ नाहीच. आहे तो वेळ, आणि आहे ते लक्ष. मजुरीवर काम करणाऱ्याला दिवसाला ठरावीक गाड्या सोडावयाच्या असतात. कोपऱ्यातील वीतभर गंजासाठी तो अर्धा दिवस देऊ शकत नाही, आणि त्याने द्यावा अशी अपेक्षाही अन्यायाची आहे. मालकाला मात्र आपल्या हौद्याचा कोणता कोपरा गेल्या आषाढात ओला राहिला, कोठे खताची गोणी फुटली, फाळक्याजवळचा कोणता सांधा ठणठण वाजतो, हे ठाऊक असते. हे ज्ञान विकत मिळत नाही. तयारीचे काम मालकाने करणे ही गरिबीची तडजोड नव्हे. तो त्या कामाला सर्वांत लायक माणूस आहे.

ऋतूचे भान मात्र त्याने राखलेच पाहिजे, आणि येथे माझ्या बाजूची माणसेही चुकतात. वैशाखात काम मोकळे असते म्हणून भर उन्हात हौदा रंगवावयास घेतात. तापलेल्या पत्र्यावर वरचा पापुद्रा लगेच वाळतो, आतला द्राव अडकतो आणि फोड येतात. पावसाळ्यात, अस्तर पॉलियुरेथेनचे असेल तर, हवेतील ओल रसायनात मिसळून वायू सुटतो, अस्तर स्पंजासारखे सच्छिद्र होते. आमच्या भागात तूर घरात आल्यावर, संक्रांतीपासून शिमग्यापर्यंतचा काळ उत्तम. तोही सकाळी दहा-अकरानंतर, दव पुरते उडाल्यावर.

एका बाबतीत मी प्रतिपक्षाच्याही पुढे जाऊन, कारागिराचाच आग्रह धरीन. बाजारात आता दोन बाटल्यांचे संच मिळू लागले आहेत. ते मिसळून, कॉम्प्रेसरला बंदूक जोडून घरीच फवारावे अशी त्यांची जाहिरात असते. हे कोणीही घराच्या अंगणात वा गोठ्याच्या आडोशाला करू नये. त्या कडक होणाऱ्या द्रवात आयसोसायनेट वर्गातील रसायने असतात. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री भोपाळात ज्या मिथिल आयसोसायनेटने हजारो माणसे मारली, ते याच वर्गातले; अस्तराच्या द्रवातील पदार्थ त्याहून निराळे आणि पुष्कळच कमी उडणारे आहेत, दोहोंना एकाच मापाने मोजणे चुकीचे ठरेल. परंतु फवारल्यावर त्यांचे जे धुके होते ते श्वासातून फुप्फुसात गेले तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले की पुढे त्याचा लवलेशही धाप लावतो. तोंडाला बांधलेले उपरणे येथे निरुपयोगी आहे; बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो, आणि तो खऱ्या कारागिराकडेच असतो. घरच्या कामाला पाण्यात मिसळणारे, ब्रशने लावावयाचे अस्तर घ्यावे, हातमोजे घालावे, आणि लेकरांना दूर ठेवावे. जाडी कमी मिळेल, मिळू द्यावी.

कामाची ही विभागणी काही मी नव्याने काढलेली नाही. आमच्या वऱ्हाडात बंडी होती तेव्हा चाकाला लोखंडी धाव चढवण्याचे काम शेतकऱ्याने कधी स्वतः केले नाही. तापलेली धाव लाकडावर बसवून पाण्याने आवळणे हे जोखमीचे आणि नेमके काम, ते लोहाराचे. परंतु बंडीत शेणखत भरावयाचे तेव्हा आतून तुराट्यांची ताटी लावणे, ती कुजली की बदलणे, हे शेतकरीच करीत आला, आणि त्याला कोणी जुगाड म्हटले नाही. अग्नी आणि विष ज्यात आहे ते कसबी माणसाकडे, आणि देखरेख ज्यात आहे ते मालकाकडे, अशी ती वहिवाट होती. पिकअप आली, आणि देखरेखसुद्धा आपण विकत घेऊ लागलो.

स्वहस्ते केलेल्या कामाच्या नावाखाली हौद्यात जळके ऑइल किंवा डांबर फासणाऱ्यांचे समर्थन मी करीत नाही. त्या हौद्यातून सोयाबीन आणि तूर जाते, ती कोणाच्या तरी ताटात पडते. जळक्या ऑइलात इंजिनातील झिजलेल्या धातूंचा अंश असतो, आणि धान्याला त्याचा वास लागला की अडत्या भाव पाडतो ते रास्तच करतो. तसेच हौद्यात नुसता ठेवून देण्याचा प्लॅस्टिकचा तयार साचा: तो गाडीच्या थरथरीने खालचा रंग घासून काढतो आणि त्याखाली रेती व पाणी साठवतो, म्हणून तो चेकर प्लेटचाच हलका भाऊ समजावा. गोठ्यात गाईखाली घालतात ती जाड रबरी मॅट मात्र, घरी दिलेल्या अस्तरावर सुटी अंथरून आठवड्याला उचलून झाडली, तर रेतीचा घासारा पुष्कळ सोसते.

राहिले ते गिट्टी आणि सळया यांचीच वाहतूक करणारे. त्यांना ब्रशचे अस्तर पुरणार नाही हे मी मान्य करतो. त्यांना लोखंडच लागेल. पण तेही लोखंड वेल्ड करू नये. वेल्डरकडून प्लेट हौद्याच्या मापाने दोन तुकड्यांत कापून घ्यावी, खालच्या पत्र्याला आधी वर सांगितल्याप्रमाणे तयार करून अस्तर द्यावे, बोल्टसाठी पाडलेल्या भोकांच्या कडांनाही प्राइमर लावावा, मध्ये रबराच्या पट्ट्या ठेवून प्लेट बोल्टांनी आवळावी, आणि दर वर्षी रोहिणी लागण्यापूर्वी ते बोल्ट काढून, दोन्ही तुकडे बाहेर घेऊन, खालच्या पत्र्याला हात लावून पाहावे.